‘विलायती’ प्लास्टरचा कुत्रा, २४,००० रुपये आणि सहा आकडी पिन

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना हसायचंय त्यांनी एकदाच हसून घ्यावं. ३,५०० रुपये यूपीआयवर टोकन, १९,००० रोख आणि १,५०० ‘सर्टिफिकेट’चे. एकूण २४,०००. हातात आला तो एचएमव्हीच्या रेकॉर्डवरचा, ग्रामोफोनकडे कान लावून बसलेला पांढरा कुत्रा, प्लास्टरचा, साडेदहा इंची, "१९३२ ला इंग्लंडहून दुकानाच्या काउंटरसाठी आलेला". आणि घेणारे कोण? लोकांच्या प्लास्टरच्या वस्तू उलट्या करून त्या कुठल्या ते सांगणारे आम्ही दोघं.

बाकी नाटक तुम्हाला पाठ आहे. वाडा उतरतोय, आजोबांची वस्तू, भावकीत वाटण्या चालल्यात, संध्याकाळपर्यंत सांगा नाहीतर पुण्याची पार्टी तयार आहे. याला आम्ही भुललो नाही. आम्ही भुललो बुडाच्या लेबलला.

तळाला हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, चिकटवलेली. तिच्यावर चहाच्या रंगाचं लेबल, त्यावर ग्रामोफोनच्या दुकानाचं नाव, पेठेचं नाव, आणि इंग्रजीत गावाचं नाव मध्ये ‘एच’ घातलेलं: शोलापूर. त्या एचनं घात केला. गिरण्यांच्या जुन्या शिक्क्यांवर, जुन्या पावत्यांवर दिसणारा तो एच बघितला आणि आम्ही एकमेकांकडे बघून मान डोलावली. एचच्या पुढे, त्याच ओळीत, डॅश देऊन सहा आकडे होते. पिन कोड! भारतात पिन कोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला. त्याआधी मुंबईला ‘मुंबई ४’ असा नुसता विभागाचा आकडा लिहायचे. १९३२ च्या लेबलवर चाळीस वर्षांनी जन्मलेला पिन, आणि तो एकानं मोठ्यानं वाचला, दुसऱ्यानं त्याचा फोटो काढला. फोटो अजून फोनमध्ये आहे. आकडे अगदी स्पष्ट आलेत.

आमची बाजू मांडायची तर उजेड ट्यूबलाइटचा होता, भिंग घरी राहिलं होतं, आणि माणूस कुत्र्याचा डावा कान अंगठ्यानं धरूनच दाखवत होता, "काका, नाजूक आहे, मीच धरतो" म्हणत. ही सबब पुरेशी नाही, माहीत आहे. पण त्या अंगठ्याखाली काय होतं ते ऐका. कानाचा टवका उडालेला होता. जुन्या वस्तूला टवका असतोच, उलट त्यामुळे विश्वास बसतो. खरा टवका मात्र पांढरा, भुसभुशीत आणि कडेला धारदार असतो, नख लावलं की पीठ सुटतं. इथे टवक्याच्या आतपर्यंत तपकिरी रंग गेलेला, कडा बोटाला गुळगुळीत, आणि खळग्यात मोहरीएवढा हवेचा बुडबुडा. म्हणजे टवका उडालाच नव्हता, तो साच्यातूनच आला होता. कुणीतरी एका फुटक्या कुत्र्यावर रबरी साचा काढला आणि त्याच्या जखमेसकट पिल्लं ओतली. टवका दिसला की आधी तिथे नख लावा. विकणारा नको म्हणाला तर वस्तू खाली ठेवा आणि चालू लागा.

मुळात या कुत्र्याचा इतिहासच सावध करणारा आहे. चित्रकार फ्रान्सिस बरोनं काढलेलं याचं मूळ चित्र ग्रामोफोन कंपनीनं १८९९ मध्ये १०० पौंडांना घेतलं, निम्मे चित्राचे, निम्मे हक्काचे. त्यात आधी नळकांडीवाला फोनोग्राफ होता, कंपनीसाठी त्यावर तबकडीचा ग्रामोफोन रंगवला. तेव्हापासून या कुत्र्याच्या नकलांना अंत नाही. अमेरिकेतल्या दुकानांत बसायचे ते मोठे कुत्रे बहुतेक कागदाच्या लगद्याचे. प्लास्टरचे पुढे कुणीही, कुठेही ओतले. १९०८ पासून कलकत्त्याला, आधी सियालदहला आणि मग दमदमला, रेकॉर्डचा कारखाना होता, त्यामुळे हिंदुस्थानातल्या दुकानात कुत्रा दिसला म्हणजे तो विलायतेहूनच आला असं कुठंय? हे सगळं आम्हाला त्या संध्याकाळीही माहीत होतं.

घरी येऊन बनातीचा एक कोपरा उचकटला. बनातीखाली पारदर्शक, लवचिक थर. पांढरा गोंद, फेव्हिकॉलच्या जातीचा. फेव्हिकॉल १९५९ चा. अर्थात बनात नंतर कुणी बदललीही असेल, एवढ्यावरून निकाल देऊ नये. जुनी चिकटवणी सरसाची असते, तपकिरी आणि ठिसूळ, काड्यांसारखी तुटते. निकाल लागला तो पोकळीत बोट घातल्यावर. आत काथ्या! नारळाचा, लांब, गणपतीच्या कारखान्यात बळकटीसाठी घालतात तसा. विलायती कारागीर प्लास्टरला बळकटी द्यायला गोणपाट आणि लाकडी पट्ट्या वापरत. मूळ गाव बघायचं तर वस्तूच्या पोटात बघा, चेहऱ्यावर नाही. ज्यानं ओतला त्याचा दोष नाही, त्यानं खेळणं म्हणूनच ओतला असणार. आपल्याकडे असा कोरा कुत्रा रंगवून ३५० रुपयांत मिळतो.

मग वजन. प्लास्टर घट्ट व्हायला वजनाच्या १८-१९ टक्केच पाणी लागतं, पण ओतण्यासारखं पातळ करायला १०० भागांना ६०-७० भाग पाणी घालावं लागतं. उरलेलं पाणी नंतर हळूहळू उडतं. बनात काढून कुत्रा काट्यावर ठेवला: २ किलो ३४० ग्रॅम. पाच दिवसांनी २ किलो ११५. सोलापूरचा एप्रिल, पंख्याखाली सुद्धा २२५ ग्रॅम पाणी गेलं. नव्वद वर्षांचं प्लास्टर चार-दोन ग्रॅम इकडेतिकडे होईल, पावशेर नाही. किराणा दुकानातला काटाही चालतो.

नोटा तपासायचा २५० रुपयांचा अतिनील टॉर्च घ्या आणि अंधारात लेबलवर मारा. आमचं लेबल निळंशार चमकलं, कारण नव्या कागदात उजळपणासाठी रसायन असतं आणि ते चहानं झाकत नाही. जुन्या छापखान्यात अक्षरांचे खिळे कागदात रुततात, मागून बोट फिरवलं की उठाव लागतो. इथे पाठ सपाट होती. पांढऱ्या रंगाचंही तसंच: झिंकचा पांढरा टॉर्चखाली पिवळट-हिरवा दिसतो, टायटॅनियमचा काळपट. कुत्रा काळपट दिसला. टायटॅनियमचा पांढरा १९२० च्या दशकापासून बाजारात आहे, म्हणून तो एकटा पुरावा होत नाही, हेही खरं.

सांध्याची रेघ एकच, पाठीवरून, पॉलिश पेपरनं घासलेली. अनेक तुकडे जुळवून केलेल्या जुन्या साच्याला जाळीसारख्या अनेक रेघा असतात. ‘सर्टिफिकेट’ म्हणजे व्हॉट्सअॅपवर आलेली पीडीएफ, सहीखाली पदवी आहे, पत्ता नाही. त्यात साच्यावर, रंगावर, पोकळीवर एक अक्षर नाही. अशा कागदाला पैसे देऊ नका.

आता सरकारदरबार. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: "वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली?" किंमत दोघांच्या राजीखुशीनं ठरली म्हणे. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ (४) म्हणालो तर, "तुम्ही वकील का?" मग हद्द. पैसे रस्त्याच्या या बाजूला दिले की त्या? त्या बाजूचं ठाणं वेगळं. तिथे गेलो तर साहेब बंदोबस्तावर, उद्या या. उद्या गेलो तर "ऑनलाइन आहे ना, १९३० ला लावा". १९३० हा आकडा सोलापूरकराला मार्शल लॉमुळे पाठ असतो, आता तो सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचाही झाला. तिथे ३,५०० चीच नोंद झाली. १९,००० रोख, ते त्यांचं काम नाही. ग्राहक कक्षात सांगितलं की विकणारा दुकानदार नाही, पावती नाही, तुम्ही ग्राहकच नाही. जुन्या वस्तूंच्या सरकारी कचेरीत साहेबांनी १९७२ चा कायदा दाखवला: शंभर वर्षं झाल्याशिवाय पुरावस्तू नाही. म्हणजे कुत्रा खरा असता तरी त्यांचा नाही, खोटा आहे म्हणून तर नाहीच. पाच खिडक्या, अकरा फेऱ्या, झेरॉक्सचे १८० रुपये, आणि एका खिडकीत एकानं विचारलं, "दिसायला छान आहे की, ठेवा शोकेसमध्ये!"

लेखी अर्जाशिवाय तोंडी काही सांगू नका, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. गुन्हा नोंदवत नाहीत तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं पोलीस आयुक्तांना. आम्ही नवव्या फेरीनंतर पाठवला, पहिल्याच दिवशी पाठवायला हवा होता. रोख देऊ नका. दिलीच तर विकणाऱ्याकडून दोन ओळी लिहून घ्या: वस्तू, साल, कुठली, किंमत, सही. "१९३२, इंग्लंड" एवढं त्याच्या हातानं लिहिलेलं असतं तर राजीखुशीचं तुणतुणं तिथेच बंद पडलं असतं.

माणसाचा नंबर बंद आहे. कुत्रा काट्यावरच आहे. आज सकाळी २ किलो ९६ ग्रॅम.