ग्लोबल मर्सी जहाजावर आठ आठवडे: एका मिरजकर नर्सचा अभिप्राय

परत आल्यापासून आमच्या चर्चच्या मंडळीतल्या निदान दहाजणींनी मला विचारलं, "पदरचे पैसे घालून आफ्रिकेत राबायला जायचं, त्याचं चीज होतं का?" प्रत्येकीला उभ्या-उभ्या अर्धंमुर्धं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते. चीज होतं, पण आठ आठवड्यांपेक्षा कमी वेळ असेल तर जाऊ नका. असं का म्हणते ते पुढे येईलच.

मर्सी शिप्स ही १९७८ साली सुरू झालेली ख्रिस्ती संस्था. तिचं ग्लोबल मर्सी हे मुळात इस्पितळ म्हणूनच बांधलेलं जहाज आहे: लांबी १७४ मीटर, बारा मजले, सहा ऑपरेशन थिएटर, १९९ खाटा. मी जानेवारी ते मार्च २०२५ मध्ये तिथं होते, तेव्हा ते सिएरा लिओनची राजधानी फ्रीटाउनच्या धक्क्याला लागलेलं होतं. शस्त्रक्रिया मोफत होते आणि रुग्णाला धर्म विचारत नाहीत. त्या देशात बहुसंख्य लोक मुसलमान आहेत, तेव्हा वॉर्डातही तेच जास्त.

खर्चाचं आधी सांगून टाकते. पगार नाही. उलट विमानाचं तिकीट, विमा, सगळं आपलं आपण. माझं निम्मं बचतीतून गेलं, निम्मं मंडळीनं अर्पणातून उभं केलं. पीतज्वराच्या लशीचा दाखला लागतो आणि ती लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यायची. हिवतापाच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. विमानतळ लुंगीला, शहर खाडीपलीकडे, त्यामुळे उतरल्यावर पुन्हा बोट. माझी मोठी बॅग विमान कंपनीनं पाच दिवस उशिरा पोहोचवली. कामाचे बूट आणि दोन जोड कपडे हातातल्या पिशवीतच ठेवा.

आता मुख्य गोष्ट, वॉर्ड. मी बावीस वर्षं वॉर्ड बघितलाय, तरी पहिल्या आठवड्यात मी शिकाऊच होते. खाटा एकमेकींना खेटून. मुलाबरोबर आलेली आई किंवा आजी त्याच्याच खाटेखाली गादी टाकून झोपते. परदेशी नर्सना याचं नवल वाटायचं, मला माहेरी आल्यासारखं झालं. आपल्याकडे खाटेखाली चटई, डबा, पाण्याची बाटली असतेच की! मी होते तेव्हा वाकड्या पायांच्या मुलांच्या शस्त्रक्रिया सुरू होत्या. गुडघे धनुष्यासारखे बाहेर गेलेले, नाहीतर दोन्ही पाय एकाच बाजूला झुकलेले. शस्त्रक्रियेनंतर मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर. बाकी रुग्ण गळ्याच्या मोठ्या गाठींचे, चेहऱ्यावरच्या गाठींचे, हर्नियाचे.

पाळी सुरू होताना आधीची नर्स रुग्णांची सगळी माहिती सोपवते, मग एक लहानशी प्रार्थना, मग काम. ड्रेसिंग, सलाइन, लघवीची नोंद, वेदनेचा आकडा. आणि प्रत्येक वाक्याला दुभाषी. जहाज रुग्णसेवेसाठी आणि इतर कामांसाठी स्थानिक माणसं पगारावर घेतं. माझ्याबरोबर पंचविशीतली एक मुलगी होती. क्रिओ, टेम्ने, मेंडे तिन्ही बोलायची. मला आन्टी म्हणायची, कारण क्रिओतही मोठ्या बाईला आन्टीच म्हणतात. तिनं मला "कुशे", म्हणजे नमस्कार, म्हणायला शिकवलं, "आव दि बॉडी?" म्हणजे तब्येत कशी आहे ते शिकवलं, आणि चालायला घाबरणाऱ्या मुलाला "स्मॉल स्मॉल" म्हणायचं, म्हणजे हळूहळू.

खाट नंबर १४ वर सात-आठ वर्षांचा एक मुलगा होता. दूर उत्तरेकडून, कबालाच्या बाजूनं आलेला. दोन्ही पायांना प्लास्टर. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी मी विचारलं, दुखतंय का? त्यानं मान हलवली, नाही. दर वेळी नाही. मी चार्टवर शून्य लिहीत गेले. संध्याकाळी दुभाषी मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली, "आन्टी, तो घाबरलाय. दुखतंय म्हटलं तर घरी पाठवतील असं त्याला वाटतं. झोप लागली का, असं विचारा." मी तसं विचारलं. त्याच्या आजीनं खालच्या गादीवरून उत्तर दिलं: रात्रभर नाही.

त्या रात्री मला मिरजेतली पहिली नोकरी आठवली. सीमेपलीकडून आलेल्या कन्नड बायका मान डोलवायच्या, मी त्याला होकार समजायचे, आणि आमच्या आयाबाई मागून सांगायच्या, "सिस्टर, तिला काही कळलेलं नाही." बावीस वर्षांपूर्वी शिकलेलं मी समुद्र ओलांडताना घरी ठेवून आले होते.

आम्ही मिरजेचे ख्रिस्ती लोक 'मिशन' हा शब्द उलट्या बाजूनं, म्हणजे ज्यांच्याकडे मिशन आलं त्यांच्या बाजूनं, ओळखतो. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी इथं मिशन हॉस्पिटल उघडलं, आणि माझ्या आजीनं तिथंच काम केलं. ती सांगायची, पाहुणे दोन प्रकारचे. एक आपली भाषा शिकतो, दुसरा फोटो काढतो. म्हणून मी ग्लोबल मर्सीला याच मोजपट्टीनं मोजलं. तिथं स्थानिक डॉक्टर-नर्सना शिकवण्याचं कामही चालतं, ते मला सगळ्यात मोलाचं वाटलं. २००२ पर्यंत अकरा वर्षं यादवी, मग २०१४ पासून इबोला. त्यात या देशानं कितीतरी डॉक्टर-नर्स गमावले. जहाज एक दिवस निघून जाणार. भूल द्यायला शिकलेला माणूस तिथंच राहील.

पण एक गोष्ट मन घट्ट करून जावी लागते. जहाजावर ठरावीक शस्त्रक्रियाच होतात, आणि रुग्ण आधी तपासून निवडलेले असतात. म्हणजे कुणाला तरी 'नाही' म्हटलेलंच असतं. बंदराबाहेर पडलं की तेही चेहरे दिसतात.

राहणं सामायिक केबिनमध्ये. आतल्या केबिनला खिडकी नसते, म्हणून मी पाळी संपली की आधी डेकवर जायची. जानेवारीत सहाराकडून हरमटान वारा येतो आणि शहरामागचे डोंगर धुळीत बुडून जातात. जेवण चांगलं, पण बरंचसं पाश्चात्त्य. मला आवडला तो तिथला भात आणि कसावाच्या पाल्याचं कालवण, पाम तेलात, सुक्या मासळीसकट. शेंगदाण्याचं सूप खाल्लं तेव्हा आमचा महाद्या, म्हणजे शेंगदाण्याचं कालवण, आठवला. तरीही लसणाची चटणी न्याच. माझी तिसऱ्या आठवड्यात संपली, कारण शेजारच्या फिलिपिनो मुलीलाही ती लागायची.

रविवारी वॉर्डात ढोलावर गाणी होतात, ज्यांना यायचं ते येतात. १४ नंबरची आजी नमाज पढणारी. एकदा मी विचारलं, नातवासाठी प्रार्थना करू का? ती हो म्हणाली आणि तिनंही आपले हात उघडून धरले. मी मराठीत प्रार्थना केली, तिनं तिच्या भाषेत. दुभाषी मुलीनं त्या वेळी काहीच सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

दोन आठवड्यांची सुट्टी काढून जाऊ का, असं ज्या विचारतात त्यांच्यासाठी: पहिला आठवडा जिने शोधण्यात, आगीच्या सरावात आणि सही कुठं करायची ते समजण्यात जातो. माझ्या हातून खरं काम चौथ्या आठवड्यापासून झालं. तोवर दुभाषी मुलगी मला सांभाळत होती.

माझ्या शेवटच्या पाळीला १४ नंबरचं प्लास्टर अजून होतं. वॉकर धरून तो कॉरिडॉरमध्ये सहा पावलं चालला, आणि सातव्याला स्वतःच "स्मॉल स्मॉल" म्हणाला. माझ्या जागी आलेल्या नर्सला मी चार्ट दिला, औषधांच्या वेळा सांगितल्या आणि म्हटलं, याला दुखतंय का असं विचारू नका. झोप लागली का, ते विचारा, आणि आजीकडे बघा.