सबवूफर घ्यावा की मोठे स्पीकर?

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या बारा फुटी खोलीत पाच इंची वूफरचे (खालचे सूर वाजवणाऱ्या पडद्याचे) दोन लहान स्पीकर आहेत. पैसे जमले तेव्हा प्रश्न पडला: सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज, अगदी खालचे सूर वाजवणारा वेगळा स्पीकर जोडायचा, की हे काढून जमिनीवर उभे राहणारे मोठे स्पीकर घ्यायचे?

मोठ्या स्पीकरांत आवाज एकसंध येतो, जुळवाजुळव नाही. पण ते जिथे ठेवल्यावर गाणं चांगलं उमटतं, तिथेच खर्जही चांगला वाजेल असं नाही. बारा फुटांच्या दोन भिंतींमध्ये साधारण ४७ हर्ट्‌झचा सूर फुगतो, कुठे घुमतो, कुठे गायबच होतो. सबवूफर मात्र हवा तिथे सरकवता येतो. तो आपल्या बैठकीवर ठेवा, वाजवा आणि खोलीभर रांगत फिरा. जिथे खर्ज स्वच्छ ऐकू येईल, तीच त्याची जागा. आमच्याकडे ती कोपऱ्यात नव्हे, कपाटाशेजारी निघाली.

काळी एक पट्टीत लावलेल्या तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्‌झच्या आसपास असते. तिथवर चांगले लहान स्पीकर बहुधा पोचतात, म्हणून उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या गाण्यासाठी ते पुरतात. पण पखवाजवादक नाना पानसे यांच्या या गावात पखवाज ऐकायचा, तर कणीक लावलेल्या धुमाची (डाव्या तोंडाची) थाप छातीवर जाणवायलाच हवी!

मी सबवूफरच घेतला. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात ती सीमा, ७० हर्ट्‌झला, आवाज बेताचा. भिंतीला भिंत लागून शेजारी राहतात, त्यामुळे रात्री दहानंतर तो बंद.