डीजी सेट: डीलरची एएमसी की ओळखीचा मिस्त्री?

सोसायटीच्या सभेत डिझेल जनरेटरचा, म्हणजे डीजी सेटचा विषय निघतो तो बहुधा एएमसीचं (वार्षिक देखभाल कराराचं) कोटेशन आल्यावर. एक गट म्हणतो, वर्षभरात सेट चालतो किती? आपला मिस्त्री आहे की. दुसऱ्या गटाला कंपनीचा शिक्का हवा असतो. दोघांचंही निम्मं बरोबर आहे. आपल्याला कुठलं निम्मं लागू, हे सेट कधीचा आहे त्यावर ठरतं.

१ जुलै २०२३ पासून ८०० किलोवॉटपर्यंतच्या नव्या सेटना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सीपीसीबी ४+ हे निकष लागू झाले. यातल्या बहुतेक इंजिनांत इंधन किती आणि कधी सोडायचं हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक ठरवतो. क्षमतेनुसार काहींना धूर गाळणारा डीपीएफ असतो, तर काहींना डीईएफची, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी. असा सेट असेल तर फार चर्चा नको, डीलरचा करार घ्या. पॅनेलवरचा फॉल्ट कोड वाचायला त्यांचंच सॉफ्टवेअर लागतं, शिवाय वॉरंटीचाही प्रश्न असतो. डीईएफवर मात्र तुमचंच लक्ष हवं. ३५ अंशांच्या आसपास ते साधारण सहा महिनेच टिकतं. विदर्भात पत्र्याच्या शेडखाली पडून असलेल्या कॅनबद्दल तर बोलायलाच नको.

जुना, यांत्रिक पंपाचा सेट असेल तर पारडं मिस्त्रीकडे झुकतं. लाइनमध्ये हवा शिरली, सोलेनॉइड अडकला, सेल्फ घेत नाही, असल्या तक्रारींना लॅपटॉप लागत नाही. रात्री लिफ्ट बंद पडल्यावर तासाभरात दारात उभा राहणारा माणूस लागतो. डीलरच्या कॉल सेंटरवर तक्रार क्रमांक लगेच मिळतो, माणूस कधी येईल ते करारातली वेळ बघून समजतं.

पण मिस्त्रीचा हिशेब तासांचा असतो. 'तासच कुठे झालेत, ऑइल चांगलंय अजून,' हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. सोसायटीचा सेट वर्षाला शंभर तासही चालत नाही, म्हणजे ऑइल बदलायचे अडीचशे तास भरायला निदान अडीच वर्षं लागणार. मॅन्युअलमध्ये तासांच्या शेजारीच महिने दिलेले असतात, आणि दोन्हींपैकी जे आधी येईल ते धरायचं असतं. उभ्या इंजिनातही ऑइलमध्ये ओल आणि आम्ल साठत जातं. डीलरचा माणूस तारीख बघून बी-चेक (ऑइल-फिल्टर बदलण्याची ठरलेली सर्व्हिस) करतो, हा त्याचा खरा फायदा. कूलंटचंही तेच. कमी पडलं की बोअरचं पाणी ओतायचं, ही सवय रेडिएटरमध्ये क्षार साठवते आणि सिलिंडरचं अस्तर, म्हणजे लायनर बाहेरून कुरतडते. मिस्त्रीला कामाला लावायचं असेल तर ऑइल, फिल्टर आणि तयार मिसळलेलं कूलंट सोसायटीने स्वतः बिलासह आणून द्यावं. नकली डिझेल फिल्टरची शंका मग उरत नाही.

इथवर दोघांत डावं-उजवं करता येतं. इंजिन खराब होण्याचं मोठं कारण मात्र दोघांच्याही कोटेशनमध्ये नसतं: रिकामं चालवणं. वॉचमन दर आठवड्याला दहा मिनिटं बटण दाबून सेट सुरू करतो, लोड टाकत नाही, रजिस्टरमध्ये सही करतो. एएमसीचा तंत्रज्ञही पुष्कळदा एवढंच करून जातो. लोड नसला की इंजिन पुरेसं तापत नाही आणि डिझेल अर्धवट जळतं. ते काजळीसोबत नोझल, व्हॉल्व्ह आणि सायलेन्सरमध्ये चिकटतं. त्याला वेट स्टॅकिंग म्हणतात. सायलेन्सरच्या जोडातून काळं तेलकट पाणी टपकायला लागलं की समजायचं. काही वेळा डिपस्टिकवर ऑइलची पातळी चक्क वाढलेली दिसते. कमिटीला आनंद होतो, पण रिंगांवरून खाली उतरलेलं डिझेल ऑइलमध्ये मिसळलेलं असतं. डीपीएफवाल्या नव्या सेटमध्ये हीच काजळी फिल्टर तुंबवते.

किती लोड हवा? क्षमतेच्या ३० टक्क्यांच्या वर, महिन्यातून एकदा निदान अर्धा तास. ६२.५ केव्हीएचा सेट म्हणजे ५० किलोवॉट, त्याचे ३० टक्के १५ किलोवॉट. जिन्यातले एलईडी आणि एक लिफ्ट यात हे भरत नाही. साडेसात एचपीचा एक पंप साडेपाच किलोवॉटच्या आसपास घेतो, म्हणून पाणी चढवायची वेळ बघून चाचणी लावा. पंप एकापाठोपाठ एक सुरू करा, एकदम नको, कारण सुरू होताना ते कितीतरी पट करंट ओढतात. चेंजओव्हर (वीजपुरवठा लाइनवरून सेटवर घेणं) करण्याआधी लिफ्टमध्ये कुणी नाही ना, बघा. डिझेल जाईल तीन-चार लिटर. पुण्यात गुरुवारी महावितरण देखभालीसाठी वीज बंद ठेवते तेव्हा ही चाचणी आपोआप होऊ शकते, फक्त त्या वेळी पॅनेलवरचे किलोवॉट लिहून ठेवायला हवेत.

सगळे पंप लावूनही लोड भरत नसेल तर सेट गरजेपेक्षा मोठा घेतला गेलाय. बिल्डरने दिलेल्या सेटच्या बाबतीत हे सर्रास दिसतं. मग वर्षातून एकदा लोड बँक, म्हणजे सेटवर कृत्रिम लोड टाकणारं यंत्र भाड्याने आणून इंजिन तापवून घ्यावं. ही सोय डीलरकडून मिळण्याची शक्यता जास्त, मिस्त्रीकडे ती नसते.

म्हणून जुन्या सेटसाठी मी मधला मार्ग घेईन: वर्षातून एक पूर्ण सर्व्हिस डीलरकडून, बाकी मिस्त्री, आणि लोडची चाचणी सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनकडे. कॉम्प्रिहेन्सिव्ह (सुट्या भागांसकट) करार ऐकायला छान वाटतो, पण बॅटरी, होज, बेल्ट आणि ऑइल त्यातून वगळलेलं नाही ना, ते आधी वाचा. बिघडतात तीच. ऐनवेळी सेट सुरू न होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण बॅटरीच असते, आणि तीही कित्येकदा पॅनेलमधल्या चार्जरचा एमसीबी कुणीतरी पाडून ठेवल्यामुळे उतरलेली. करार कुणाशीही करा, प्रत्येक भेटीच्या कागदावर तीन आकडे मागा: सेल्फ मारतानाचं बॅटरीचं व्होल्टेज, चालू लोडचे किलोवॉट आणि अवर मीटरचं (सेट एकूण किती तास चालला त्याचं) रीडिंग. ते नसतील तर कागदावर सही करू नका.