इतवारीत मिळणारा केबल मोजा: कुठे पकडतो, कुठे सुटतो

नागपूरच्या इतवारीतल्या हार्डवेअर बाजारात केबल ओढायचा जाळीचा मोजा, म्हणजे केबलच्या टोकावर चढवून दोराने ओढायची तारेची विणलेली नळी, मागितला की पहिला प्रश्न येतो, ‘किती टनाचा?’ सुरुवातच चुकते ती इथे. आधी केबलचा बाहेरचा व्यास सांगा, टनाचं नंतर बघू. ताण आला की विणीचे डोळे लांबट होतात, जाळी आक्रसते आणि केबल आवळते. ५० ते ६५ मिमीच्या मोज्यात ४० मिमीची केबल घातली तर जाळी पुरती आवळायच्या आधीच तिचा वाव संपतो आणि मोजा रिकामा निघून येतो. लेबलवर टन कितीही असोत.

साधा एकपदरी, एका कडीचा जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी तारेचा) मोजा एचडीपीई (जाड प्लास्टिकच्या) पाइपातल्या एलटी, म्हणजे कमी दाबाच्या विजेच्या केबलला पुरतो. पैसे वसूल. खोट एकच: कडीखालच्या दाबलेल्या नळीची धार बऱ्याच नगांत तशीच सोडलेली असते आणि पाइपाच्या जोडावर नेमकी तीच अडकते. बोट फिरवून बघा, कानस मारा. ११ केव्हीच्या जाड थ्री कोअर (आत तीन कंडक्टर असलेल्या) आर्मर्ड, म्हणजे धातूचं कवच असलेल्या केबलला मात्र दुपदरी विणीचाच घ्यावा. दोरीने शिवायचा लेस-अप मोजा केबलचं टोक मोकळं नसेल तेव्हाच कामाचा. शिवताना एक फासा सुटला तरी ताण एका बाजूला जातो. एरवी तो घेऊ नये.

मोज्याने ओढताना केबलवरचा ताण किती चालेल, याचं केबल कंपन्यांच्या कॅटलॉगातलं सूत्र सोपं आहे. आर्मर्ड केबलला ९ गुणिले व्यासाचा वर्ग, अनआर्मर्डला ५ गुणिले व्यासाचा वर्ग. व्यास मिमीत, उत्तर न्यूटनमध्ये. ४० मिमीच्या अनआर्मर्ड केबलला ८,००० न्यूटन, म्हणजे साधारण ८०० किलो. अॅल्युमिनियम कंडक्टरच्या छेदाच्या क्षेत्रफळावर ३० न्यूटन प्रति चौरस मिमी हा हिशेबही करा आणि दोन्हींतला कमी आकडा धरा. विंचला (दोर ओढणाऱ्या यंत्राला) डायनॅमोमीटर, म्हणजे ताण मोजायचं साधन, नसेल तर हा सगळा हिशेब कागदावरच राहतो.

मोजा चढवताना टोकाला टेप गुंडाळून त्याला निमुळता आकार द्या. जाळी कडीकडे ढकलून फुगवा, केबल आत पार तळापर्यंत घाला, मग कडीकडून शेपटीकडे, म्हणजे जाळीच्या उघड्या टोकाकडे, हाताने दाबत न्या. सैल वीण मध्ये राहिली तर पहिल्या झटक्यालाच मोजा सरकतो. शेपटीपासून साधारण २५ मिमीवर बाइंडिंग वायर किंवा क्लॅम्प आवळा, वर टेप मारा. ही बांधणी ‘कशाला’ म्हणून सोडून देतात आणि ओढ थांबून जाळी ढिली पडली की तिथूनच मोजा उलटा निघतो.

नागपुरात दोन गोष्टी जास्त सांभाळाव्या लागतात. पावसाळ्यात पाइपात शिरलेली काळी माती ओली झाली की जाळी आणि केबल यांच्यामध्ये साबणासारखी वागते, म्हणून मोजा चढवण्याआधी टोक कोरडं पुसा. ल्युब्रिकंट मोज्याच्या मागच्या केबलला लावायचं, जाळीखाली नाही. आणि तेही पाण्यावर आधारित. ग्रीस किंवा जळकं ऑइल आवरण खराब करतं. मे महिन्याच्या उन्हात पडलेल्या ड्रमवरचं पीव्हीसी मऊ असतं, जाळी त्यात रुतते. ओढ शक्यतो पहाटे घ्या.

दोर आणि मोजा यांच्यामध्ये बॉल बेअरिंगचं स्विव्हल, म्हणजे स्वतःभोवती फिरणारा जोड, हवंच. ताणाखाली वायर रोपचा पीळ उलगडतो आणि स्विव्हल नसेल तर तोच पीळ केबलमध्ये उतरतो. मोज्यासोबत ‘फ्री’ मिळणारं स्विव्हल हातानेसुद्धा नीट फिरत नसेल तर भारावर काय फिरणार!

ओढून झालं की मोज्याखाली दबलेला तुकडा कापून टाका आणि टोकाला लगेच हीट श्रिंक कॅप (गरम केली की आक्रसून घट्ट बसणारी टोपी) बसवा. म्हणून मोजमापातच तेवढी लांबी जास्त धरा. जुन्या मोज्यावरून जाडसर फडकं ओढा. तुटलेली तार अडकली तर तो नग भंगारात. आणि हा मोजा ओढण्यासाठी आहे. उभ्या शाफ्टमध्ये केबल कायमची टांगायला सपोर्ट ग्रिप वेगळी मिळते, दुकानदार ‘मोजाही चालतो की’ म्हणाला तरी तीच घ्या.