ब्राउझर्सलिस्ट: जुन्या ब्राउझरचा हिशेब एका नोंदीत

मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ११ निवृत्त केला, तरी जुन्या ब्राउझरचा प्रश्न मिटलेला नाही. आयफोन ६ आयओएस १२ च्या पुढे जात नाही. सफारी आयओएसबरोबरच बदलते आणि तिथल्या क्रोममध्येही आत सफारीचंच इंजिन असतं. विंडोज ७ वर क्रोम १०९ ला थांबलं. अशा वापरकर्त्याला ‘ब्राउझर अपडेट करा’ सांगणं म्हणजे नवं यंत्र विकत घ्यायला सांगणं. म्हणूनच कोणते ब्राउझर सांभाळायचे हे एकाच जागी ठरवू देणारं ब्राउझर्सलिस्ट हे छोटं, फुकट साधन प्रत्येक प्रोजेक्टमध्ये असावं असं आमचं ठाम मत आहे.

पॅकेज डॉट जेसन या प्रोजेक्टच्या सेटिंग फाइलमध्ये एकदा नोंद केली की बेबल (नवं जावास्क्रिप्ट जुन्या रूपात बदलणारं साधन) आणि ऑटोप्रीफिक्सर (सीएसएसला ब्राउझरनिहाय उपसर्ग जोडणारं साधन) दोघेही तीच यादी वाचतात. मूळ सेटिंगमध्ये अर्ध्या टक्क्याहून जास्त वापराचे ब्राउझर, प्रत्येकाच्या शेवटच्या दोन आवृत्त्या आणि फायरफॉक्स ईएसआर (दीर्घकाळ आधार मिळणारी आवृत्ती) येतात. बंद पडलेले वगळले जातात. यात आयओएस १२ सापडेल अशी आशा ठेवू नका. तो हवा असेल तर ‘आयओएस १२ आणि पुढचे’ अशी अट स्वतः घाला. मग टर्मिनलमध्ये एनपीएक्स या आदेशाने ब्राउझर्सलिस्ट चालवा, म्हणजे नेमकी यादी दिसेल. तिच्यामागचा डेटाही अधूनमधून अपडेट करावा लागतो, नाहीतर ‘शेवटच्या दोन आवृत्त्या’ जुन्याच राहतात.

खरा घोळ पुढे होतो. सीएसएसमधली न कळलेली ओळ ब्राउझर सोडून देतो. जावास्क्रिप्टमध्ये एक अनोळखी चिन्ह आलं की ती अख्खी फाइल चालत नाही. फाइली बेबलकडे देणाऱ्या बेबल-लोडरच्या सेटिंगमध्ये नोड मॉड्यूल्स (बाहेरून आणलेली पॅकेजेस) बहुधा वगळलेले असतात. त्यातल्या एखाद्या पॅकेजमध्ये ऑप्शनल चेनिंग (‘?.’ हे नवं चिन्ह) असलं की सफारी १२ वर पान कोरं! ते पॅकेज लोडरमध्ये मुद्दाम सामील करा आणि बेबलची सेटिंग प्रोजेक्टच्या मुळाशी असलेल्या बेबल डॉट कॉन्फिगमध्ये ठेवा. बेबल-आरसी फाइल दुसऱ्या पॅकेजना लागू होत नाही.

पॉलिफिल म्हणजे ब्राउझरमध्ये नसलेली सोय भरून काढणारा कोड. त्यालाही मर्यादा आहे. कोअर-जेएस हे पॉलिफिलचं पॅकेज जावास्क्रिप्टमधले प्रॉमिस किंवा अॅरेच्या नव्या मेथड भरून काढतं. फेच (सर्व्हरकडून डेटा आणणारं) किंवा रिसाइझ ऑब्झर्व्हर (घटकाचा आकार बदलल्याचं कळवणारा) नाही. ते वेगळे आणा, पण स्वतःच्या सर्व्हरवरूनच द्या. २०२४ मध्ये पॉलिफिल डॉट आयओ या पॉलिफिल पुरवणाऱ्या साइटचं डोमेन दुसऱ्याच्या हाती गेलं आणि तिथून घातक कोड पसरला.

सीएसएसच्या फ्लेक्सबॉक्स मांडणीतला गॅप (घटकांमधलं अंतर) ऑटोप्रीफिक्सरच्या आवाक्यात नाही. ‘सपोर्ट्स’ची (ब्राउझरला सोय कळते का, हे विचारणारी) अट घालूनही तो ओळखता येत नाही, कारण सफारी १२ ला ग्रिडमधला गॅप कळतो आणि ती ‘हो’ म्हणते. तिथे सरळ मार्जिन वापरा.

शेवटची तपासणी खऱ्या जुन्या फोनवरच करा. क्रोमचा डिव्हाइस मोड स्क्रीनचा आकार, ब्राउझरची ओळख वगैरे बदलतो, इंजिन नव्हे.