शिक्षकांनी खालच्या बॅचमध्ये बसवलंय? मग डायलँग चाचणी देऊन बघा

परकी भाषा शिकवणारे बरेच शिक्षक पहिल्या दहा मिनिटांच्या बोलण्यावरून लेव्हल ठरवून मोकळे होतात. उच्चार अडखळला, उत्तराला वेळ लागला, की वाचन कितीही पक्कं असलं तरी रवानगी ए१ मध्ये, म्हणजे ए१ ते सी२ या सहा युरोपीय पातळ्यांतल्या सगळ्यात खालच्या पातळीत. हा अन्यायच आहे, आणि त्यावर हातात काहीतरी ठोस हवं असेल तर डायलँगइतकी उपयोगी मोफत चाचणी क्वचितच मिळेल. ती युरोपीय प्रकल्पातून तयार झाली आणि लँकेस्टर विद्यापीठाने ती ऑनलाइन ठेवली आहे. जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश धरून १४ युरोपीय भाषा आहेत. जपानी किंवा चिनी शिकणाऱ्यांना मात्र तिचा उपयोग नाही.

वाचन, ऐकणं, लेखन, व्याकरण आणि शब्दसंग्रह यांच्या चाचण्या वेगवेगळ्या होतात, निकालही वेगवेगळे लागतात. हीच तिची खरी ताकद. वाचन बी२ आणि लेखन ए२ असं चित्र समोर आलं, की ‘तुम्ही कच्चे आहात’ हे सरसकट वाक्य टिकत नाही.

सुरुवातीला ७५ क्रियापदं दिसतात, त्यातली काही बनावट. खरी कोणती ते ओळखायचं. इथे अंदाजपंचे ‘हो’ म्हणू नका. बनावट शब्दाला खरं म्हटलं की गुण घसरतात. वाचन, लेखन आणि ऐकणं यांसाठी पुढे स्वमूल्यमापनाची विधानं येतात: ‘मला अमुक जमतं’, हो की नाही. नेमकं इथेच घोळ होतो. वर्गात सतत कमी लेखलं गेलेला विद्यार्थी जमणाऱ्या गोष्टींनाही ‘नाही’ म्हणतो. मुख्य चाचणीची काठिण्यपातळी या दोन टप्प्यांवरून ठरते, त्यामुळे त्याच्या वाट्याला सोपा संच येतो. म्हणून शिक्षक काय म्हणतील ते बाजूला ठेवा आणि त्या भाषेत आपण खरंच काय करतो ते आठवून उत्तर द्या. शेवटी तुमचा अंदाज आणि निकाल शेजारी ठेवून दाखवतात. तो भाग नीट वाचा.

उणिवा आहेत. प्रमाणपत्र मिळत नाही. लेखनाच्या चाचणीत सलग मजकूर लिहायचा नसतो, पर्याय निवडायचे आणि गाळलेल्या जागा भरायच्या असतात. सगळ्यात मोठी उणीव म्हणजे बोलणं तपासलंच जात नाही, आणि शिक्षकांचं मत तर त्यावरच बनलेलं असतं! त्यासाठी एखाद्या ओळखीच्या विषयावर न वाचता दोन मिनिटं बोला आणि ते रेकॉर्डिंग निकालासोबत द्या.

शिक्षकांशी बोलताना लेव्हलवरून वाद घालू नका. वरच्या बॅचचे दोन तास बसू द्या, एवढंच मागा. आणि प्रश्न विचारल्यावर थोडं थांबायची विनंती करा. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांना वर्गांच्या अभ्यासात दिसलं होतं, की शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात. तीन सेकंद थांबले की विद्यार्थ्यांची उत्तरं लांबतात.