सोलर घेताय? बॅटरीसकट की नुसतं?

छतावर सोलर बसवायचं, इथपर्यंत बहुतेकांचं ठरलेलं असतं. सोलापूरकराला उन्हाबद्दल पटवून द्यावं लागत नाही. घोडं अडतं ते पुढे. नुसतं ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट विजेच्या लाईनला जोडलेलं घ्यावं, की हायब्रिड इन्व्हर्टर, म्हणजे लाईट गेल्यावर बॅटरीवर घर चालवणारा, आणि सोबत लिथियम बॅटरी? मी दोन्ही वापरलंय. एकामागून एक, म्हणजे पैसे दोनदा मोजून.

पैशाचा हिशेब आधी उरकतो, कारण तिथे ऑन-ग्रिड सरळ जिंकतं. पीएम सूर्यघर योजनेचं ३ किलोवॅटचं ७८ हजारांचं अनुदान पॅनेलच्या क्षमतेवर आहे. बॅटरी पूर्ण आपल्या खिशातून. माझी सहा पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला १२ युनिटच्या आसपास देतात. दुपारची जादा वीज लाईनवर जाते, रात्रीच्या वापरातून वजा होते, स्थिर आकार तेवढा भरायचा. मार्चअखेर शिल्लक राहिलेल्या युनिटला मात्र आपण मोजतो त्यापेक्षा बराच कमी दर मिळतो, तेव्हा हौसेने जास्त पॅनेल टाकू नका. बिल कमी करणं एवढाच हेतू असेल, तर ऑन-ग्रिड घ्या आणि मोकळे व्हा.

माझं गणित बिघडवलं ते पाण्याने. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. ते हौदात घ्यायचं आणि मोटारीने वरच्या टाकीत चढवायचं. मे महिन्यात एकदा सकाळी अकराला हौद काठोकाठ भरलेला, टाकी कोरडी ठणठणीत, आणि लाईट गेली. गच्चीवर अनवाणी पाय ठेववत नव्हता असं ऊन. त्याच उन्हात सहा पॅनेल चकाकत होती आणि जिन्यातल्या इन्व्हर्टरवर लाल दिवा. मोबाईलवर बघितलं तर उत्पादन शून्य. आई खालून म्हणाली, ‘‘कर्ज काढून सूर्य आणलास ना घरात, मग पाणी का चढंना?’’

बिघाड काहीच नव्हता. लाईन गेली की ऑन-ग्रिड इन्व्हर्टरने बंदच पडायचं असतं. नाहीतर आपली वीज उलटी तारेत जाऊन खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. नियम रास्त आहे. विकणाऱ्याने तो सांगितला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मीही विचारलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात हे तीनदा झालं. तिसऱ्यांदा कळशीने पाणी वर नेताना मनाशी ठरवून टाकलं.

घरातला जुना इन्व्हर्टर आणि ट्यूब्युलर बॅटरी तशीच ठेवून भागवता येईल का? पंख्यापुरतं भागतं. पण डिस्टिल्ड वॉटर घाला, टर्मिनलवरची पांढरी पूड खरवडा, आणि एवढं करून माझ्याकडच्या इन्व्हर्टरला मोटार उचलत नव्हतीच.

आता हायब्रिड इन्व्हर्टर आणि ५ युनिटची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आहे. हाताला साडेचारच्या आसपास लागतात. तीन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे रात्रभर मिळून पाऊण युनिट, फ्रिजचं एखादं, अर्धा तास मोटारीला अर्ध्या युनिटच्या आसपास. एसी आणि गिझर मी मुद्दाम बॅकअपच्या लाईनवर घेतले नाहीत. एक गोष्ट विकत घेण्याआधी नक्की बघा. एक हॉर्सपॉवरची मोटार सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. इन्व्हर्टर तो झटका सोसतो का, हे माहितीपत्रकात शोधत बसू नका. लाईटचा मेन बंद करून आपलीच मोटार चालू करून दाखवायला सांगा. आणि बॅटरी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, आपल्या उन्हाळ्यात तिचं आयुष्य घटतं. माझी जिन्याखाली आहे, बऱ्यापैकी गार जागेत.

ग्रिड, म्हणजे विजेची लाईन, हीच आपली बॅटरी, असं म्हणणारे बरेच भेटतात. बिलापुरतं ते खरं आहे. पण दुपारी दिलेली वीज कुणी डब्यात भरून ठेवत नाही, ती शेजारीपाजारी तिथल्या तिथे संपते. रात्री आपल्याला मिळते ती बरीचशी कोळशाचीच. सोलापूरजवळच एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा प्रकल्प आहे, त्यालाही पाणी शहरासारखं उजनी धरणाचंच. सगळ्या शहराने छतं पॅनेलने भरली तरी संध्याकाळी सात वाजता काय, हा प्रश्न साठवणीशिवाय सुटत नाही. अर्थात माझ्या साडेचार युनिटने शहर स्वयंपूर्ण होणार नाही, माझी टाकी तेवढी भरते.

तुमच्याकडे लाईट क्वचित जात असेल, पाणी रोज येत असेल, तर बॅटरीत पैसे अडकवा असं मी म्हणणार नाही. नुसत्या बिलावर ती वसूल होईल असं मला तरी दिसत नाही. तरीही जमलं तर इन्व्हर्टर हायब्रिडच घ्या, बॅटरी मागाहून जोडता येते. मी उलटं केलं. पहिला ऑन-ग्रिड इन्व्हर्टर माळ्यावर पडून आहे, त्याला अजून गिऱ्हाईक मिळालेलं नाही.